खेळ आणि अक्षर : फलटणच्या बालभवनाचा पूर्वेतिहास

लहान मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आमच्यांतील बहुतेक सुशिक्षित माणसें किंचित् हंसतात आणि अधिक 'गंभीर' विषयाकडे वळतात. विश्वविद्यालयें, परीक्षा, शिक्षणाचें माध्यम यांवर पानेंच्या पानें लिहिणारा टीकाकार, तीन-चार वर्षांचें मूल दिवसभर काय करतें आणि त्याला काय करूं द्यावें, या प्रश्नाला हात घालीत नाहीं. तो प्रश्न आईचा, फार तर बालवर्गाच्या बाईंचा, अशी समजूत आहे. परंतु इतिहासाकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, या 'क्षुल्लक' प्रश्नापायीं एका राज्यसत्तेनें शाळांवर बंदी घातली, एका वकिलानें चालती वकिली सोडली, आणि सातारा जिल्ह्यांतील एका जुन्या संस्थानी गांवांत दूरदेशाहून आलेल्या एका विदुषीनें आपल्या आयुष्याचीं कित्येक दशकें खर्चीं घातलीं. हा शेवटचा प्रयत्न म्हणजे फलटण येथील कमला निंबकर बालभवन. त्याचा पूर्वेतिहास वाचकांपुढें मांडावा आणि त्यांतून निघणाऱ्या एका अवघड प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

फलटण हें नांव मराठी वाचकाला निराळ्या कारणांनीं परिचित आहे. श्रीशिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई या येथील नाईक-निंबाळकरांच्या कन्या. महानुभाव पंथांतील पंचकृष्णांपैकीं श्रीचक्रपाणि यांचें जन्मस्थान हेंच. आषाढांत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी पंढरीस जातांना येथें मुक्काम करिते. इ. स. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि गांव तालुक्याचें ठिकाण होऊन राहिलें. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस एका बाजूस आणि पावसाची वाट पाहणारी कोरडवाहू जमीन दुसऱ्या बाजूस, अशी या तालुक्याची मांडणी आहे. महानुभावांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाहीं. ज्या पंथानें सामान्य स्त्री-पुरुषांना समजेल अशाच भाषेंत, म्हणजे मराठींत, धर्म सांगावयाचा असा आग्रह धरिला, त्या पंथाच्या तीर्थस्थानीं पुढें सातशें वर्षांनीं मुलांना त्यांच्याच बोलींतून अक्षराकडे नेण्याचा प्रयोग व्हावा, हा योगायोग असला तरी तो मनाला भावतो.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आमच्याकडे पूर्वीं मुलांना खेळांतून कांहीं शिकवीत नसत, असें म्हणणें अर्धसत्य आहे. शाळेंत शिकवीत नसत, हें खरें. पंतोजींची शाळा म्हणजे मांडी घालून बसणें, उजळणी, पाढे, परवचा आणि चुकल्यास छडी. परंतु शाळेच्या बाहेर, ओसरीवर, पारावर आणि नदीकांठीं एक दुसरी शाळा भरत होती. तिला पंतोजी नव्हता, तरी नियम मात्र कडक होते. सागरगोटे खेळणारी मुलगी हाताचा अंदाज, मोजणी आणि आपली पाळी येईपर्यंत धीर धरणें या तीन गोष्टी एकदम शिके. विटीदांडूंत अंतर मोजावें लागे. आट्यापाट्यांत जागा राखावी लागे. हादग्यांत पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, तिसऱ्या दिवशीं तीन अशी चढती मोजणी असे, आणि झांकलेल्या खिरापतीचें नांव ओळखतांना तर्काला जी धार चढे, ती कोणत्याहि पुस्तकी उदाहरणानें चढली नसती. भातुकलींत तर सारा संसार मांडलेला असे. शिक्षण आणि खेळ यांची फारकत आमच्या समाजांत नव्हती. ती शाळेच्या उंबरठ्यावर सुरू होत होती.

या संबंधांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम धुळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत असे. पुढें युरोपांत मारिया माँटेसोरी यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें करून त्यांवर मुलांचीं बोटें फिरविलीं, तेव्हां जगाला तें नवल वाटलें. साधनांत फरक होता, पण तत्त्व फारसें निराळें नव्हतें. बोटाला जें समजतें तें डोळ्याला लवकर समजतें, हें दोन्ही ठिकाणीं मान्य होतें. मग अंतर कोठें पडलें? तें भीतींत पडलें. धुळपाटीपुढचें मूल छडीच्या छायेंत बसलेलें होतें. माँटेसोरींच्या घरांतील मूल तें अक्षर आपण होऊन उचलीत होतें, आणि कंटाळलें तर जागेवर ठेवून देत होतें. बालशिक्षणाच्या सुधारणेचा सारा इतिहास या एका फरकाचा इतिहास आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्या इतिहासाचा आरंभ जर्मनींत होतो. फ्रीड्रिख फ्रेबेल यानें इ. स. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या लहान गांवीं बालकांसाठीं एक संस्था काढली, आणि इ. स. १८४० मध्यें तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हें नांव दिलें. खेळ हा बालकाचा रिकामपणचा उद्योग नसून त्याच्या अंतरंगाचा आविष्कार आहे, हें त्याचें प्रतिपादन. त्यानें लोंकरीचे चेंडू, लांकडी गोल, घन व त्यांचे तुकडे यांची मालिका केली व तिला 'देणग्या' म्हटलें. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम इत्यादि हस्तकामांस 'व्यवसाय' म्हटलें. हा 'व्यवसाय' शब्द वाचकांनीं स्मरणांत ठेवावा. फलटणच्या कथेंत तो पुन्हा भेटणार आहे. इ. स. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या बागांवर बंदी घातली व ती इ. स. १८६० पर्यंत टिकली. चेंडू आणि लांकडी ठोकळे यांची एका बलाढ्य राज्याला भीति वाटावी, हें आज हास्यास्पद वाटतें. परंतु त्या सत्ताधीशांची नजर अगदींच अधू नव्हती. जें मूल स्वतः निवड करावयास शिकतें, तें पुढें मुकाट्यानें आज्ञा पाळील याची खात्री देतां येत नाहीं.

इ. स. १९०७ च्या ६ जानेवारीस रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत माँटेसोरींचें पहिलें 'बालगृह' उघडलें. ही वस्ती मजुरांची होती, ही गोष्ट आपण वारंवार विसरतों. पुढें या पद्धतीचीं सुबक लांकडी साधनें महाग झालीं आणि ती श्रीमंतांच्या मुलांची पद्धति म्हणून ओळखली जाऊं लागली. परंतु तिचा जन्म आईबाप कामावर गेल्यानंतर जिन्यांतून हुंदडणाऱ्या मुलांसाठीं झाला होता. आपल्याकडे हा विचार रुजविण्याचें श्रेय भावनगरच्या गिजुभाई बधेका यांस आहे. ते व्यवसायानें वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करतां करतां ते या मार्गाला लागले आणि इ. स. १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. माँटेसोरींना बालवयांत कल्पित कथांचें फारसें प्रेम नव्हतें. गिजुभाईंनीं मात्र गोष्ट, गाणें आणि नाट्य यांना बालमंदिरांत मानाचें स्थान दिलें. परकी पद्धति जशीच्या तशी न उचलतां तिला आपल्या आजीबाईच्या गोष्टींची जोड देणें, ही त्यांची प्रतिभा.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं हें काम महाराष्ट्रांत आणिलें. इ. स. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि इ. स. १९३६ मध्यें दादरला शिशुविहार निघाला. तोंपर्यंत ही चळवळ मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची होती. ताराबाईंची थोरवी अशी कीं, त्यांना हें यश पुरेसें वाटलें नाहीं. इ. स. १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या, अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या, आणि इ. स. १९५७ पासून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्यें हें काम वाढलें. तेथें विकतचीं साधनें निरुपयोगी होतीं. त्यांच्या जागीं बिया, शिंपले, खडे, पानें आणि माती आली. मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां बालवाडीच मुलांच्या अंगणांत गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावर शाळा भरली, ती 'कुरणशाळा'. इ. स. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां हाच अंगणवाडी शब्द देशभर पसरला. शब्द पसरला, पण त्यामागचा विचार तितक्या दूर पोंचला नाहीं. पुष्कळ ठिकाणीं अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटण्याचें आणि वजन करण्याचें ठिकाण, एवढीच तिची ओळख झाली. खाऊ व वजन हीं दोन्ही अत्यंत आवश्यक आहेत. परंतु ताराबाईंच्या मनांतील अंगण त्याहून मोठें होतें.

आतां फलटणच्या बालभवनास ज्यांचें नांव दिलें आहे, त्या कमलाबाई निंबकर कोण, हें सांगितलें पाहिजे. त्यांचा जन्म इ. स. १९०० सालीं अमेरिकेंत झाला. मूळ नांव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या इ. स. १९३० सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि कमला झाल्या. आजारानें किंवा अपघातानें अधू झालेल्या माणसाला योग्य निवडलेल्या हस्तव्यवसायाच्या द्वारें पुन्हा उभें करण्याचें जें शास्त्र आहे, त्या व्यवसायोपचाराचा पाया आपल्या देशांत त्यांनीं घातला. इ. स. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं या शास्त्राचें शिक्षण देणारी संस्था सुरू केली, इ. स. १९५२ मध्यें या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या मूळ सभासद-राष्ट्रांत भारताचें नांव लागलें. कमलाबाई इ. स. १९७९ सालीं निवर्तल्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनीं फलटणास शेती व पशुपालन यांच्या संशोधनाची संस्था काढली, आणि त्यांच्या पत्नी जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या व स्वतः लेखिका. असें हें नांव फलटणशीं जोडलें गेलें.

फ्रेबेलनें मुलांच्या हस्तकामाला जो शब्द योजिला, तोच 'व्यवसाय' कमलाबाईंच्या शास्त्राच्या नांवांत आहे. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच श्रद्धा आहे : माणूस ऐकून बदलत नाहीं, करून बदलतो. दुबळ्या बोटांत शक्ति यावी म्हणून उपदेश करून भागत नाहीं. त्या बोटांना हवेंहवेंसें वाटणारें काम द्यावें लागतें. मुलाच्या बुद्धीचेंहि तसेंच आहे. बालशाळेला एका व्यवसायोपचार-तज्ज्ञ बाईंचें नांव असावें, यांत म्हणूनच एक मार्मिक औचित्य आहे.

ही शाळा काढणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन याहि मूळच्या अमेरिकन. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठीं इ. स. १९६६ च्या सुमारास त्या फलटणास आल्या. त्यांच्या संशोधनाचा विषयच फलटणची बोली हा होता. एकाच गांवांत निरनिराळ्या जातींचे, पेठांचे व पेशांचे लोक मराठी कशी निरनिराळी बोलतात, हें त्यांनीं कानांनीं टिपलें. पुढें त्यांनीं भारताचें नागरिकत्व स्वीकारलें. जाई निंबकर यांच्या सहकार्यानें त्यांनीं परभाषिकांसाठीं मराठीचीं पाठ्यपुस्तकेंहि तयार केलीं. परंतु ज्या पेठांतून त्या शब्द गोळा करीत हिंडल्या, त्याच पेठांतील दलित व भटक्या समाजांचीं मुलें शाळेंत जाऊनहि निरक्षर राहतात, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. ही गोष्ट केवळ अभ्यासाच्या टिपणांत लिहून पुढें जाणें त्यांना जमलें नाहीं. अशा मुलांना वाचावयास शिकविण्याच्या कामापासून आरंभ होऊन इ. स. १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि इ. स. १९८६ सालीं कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. समाजाच्या सर्व थरांतील मुलें एकाच वर्गांत बसावीं, हें तिचें धोरण आरंभापासून होतें. पुढें डॉ. मंजिरी निंबकर यांनीं हें काम नेटानें चालविलें.

येथें आम्ही आरंभीं सांगितलेल्या अवघड प्रश्नाशीं येऊन पोंचतों. खेळांतून शिक्षण ही कल्पना ऐकली म्हणजे खुरपणीला जाणारी आई एक साधा आक्षेप घेते. ती म्हणते, 'पोर घरीं खेळतंच कीं. खेळायला शाळा कशाला? शाळेनं अक्षर शिकवावं.' हा आक्षेप अडाणीपणाचा नव्हे. त्यांत सूक्ष्म सत्य आहे, आणि बालशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीं त्याला बहुधा टाळलें आहे. सुशिक्षित घरांतील मुलाला वर्तमानपत्र, पुस्तकें, पत्र्यावरचीं व डब्यावरचीं अक्षरें, झोपतांना ऐकलेल्या गोष्टी, हें सारें फुकट मिळतें. त्याची शाळा नुसती खेळत राहिली, तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. अक्षर त्याला घरीं गांठतेंच. परंतु ज्या घरांत छापील कागद केवळ किराण्याची पुडी होऊन येतो, त्या घरच्या मुलाला अक्षराचा दुसरा मार्गच नाहीं. शाळेनें खेळाच्या नांवाखालीं अक्षराकडे दुर्लक्ष केलें, तर त्याचा भुर्दंड नेमका गरिबाच्या मुलावर पडतो. उलट, अक्षराच्या हट्टापायीं तीन वर्षांच्या मुलाला पाटीपुढें जखडलें, तर त्याचीहि शिक्षा त्यालाच अधिक होते. कारण घरीं त्याची समजूत घालून अभ्यासाची गोडी परत आणणारें कोणी नसतें. तेव्हां खेळ कीं अक्षर, हा वाद सुखवस्तु माणसांचा आहे. गरिबाच्या मुलाला दोन्ही पाहिजेत, आणि एकाच वेळीं पाहिजेत.

फलटणच्या प्रयोगाचें महत्त्व आमच्या मतें या ठिकाणीं आहे. तेथें अक्षरशिक्षण टाकून दिलें नाहीं. त्याची रचना बदलली. रूढ पद्धतींत मूल क, ख, ग, घ, ङ या क्रमानें जातें. हा क्रम व्याकरणकाराच्या दृष्टीनें अत्यंत सुंदर आहे. उच्चारस्थानांची अशी व्यवस्था जगांतील थोड्याच लिप्यांना लाभली असेल. परंतु या पांच अक्षरांतून मुलाला आपल्या जीवनांतील शब्द असा एकहि लिहितां येत नाहीं, आणि 'ङ'नें आरंभ होणारा शब्द तर मराठींत सांपडतच नाहीं. याउलट कांहीं अक्षरें व स्वरचिन्हें निवडून त्यांचा लहान समूह केला, तर चमत्कार होतो. आमच्याकडून एक उदाहरण देतों. क, म, ल हीं तीन अक्षरें आणि काना एवढीच सामग्री घ्या. मामा, काका, काम, काल, माल, लाल, मला, कला, कमल, कमाल असे दहा शब्द हातीं येतात. ज्या मुलाला आठवड्याभरांत 'मामा' आणि 'काका' लिहितां येतात, त्याला अक्षर हें मास्तरांचें नसून आपलें आहे असें वाटूं लागतें. अक्षरांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावून शब्द बनविणें हा सागरगोट्यांइतकाच रंगणारा खेळ होतो. अक्षरसमूहांची ही योजना, आणि तिच्या जोडीला मुलांच्या अनुभवाच्या गोष्टी, त्यांचें स्वतःचें बोलणें व त्यांचें स्वतःचें लिखाण, हा फलटणच्या भाषाशिक्षणाचा गाभा होय.

बोलीचाहि येथें संबंध येतो. मूल 'पानी' म्हणतें आणि शाळा 'पाणी' म्हणते. पहिल्याच दिवशीं त्याला 'अशुद्ध' म्हणून थांबविलें, तर तें उच्चार सुधारीत नाहीं. तें बोलणेंच बंद करतें. आणि जें मूल बोलत नाहीं, त्याचा खेळहि मुका होतो. भातुकलींत प्रत्येकानें आपल्या घरचे शब्द आणावयाचे असतात. तसेंच बालवर्गांतहि असावें. प्रमाण मराठी मागाहून येईल, आणि आली पाहिजे. परंतु ती घरच्या बोलीच्या खांद्यावर बसून यावी, तिच्या छातीवर पाय देऊन नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासिकेनें शाळा काढल्यामुळें ही दृष्टि त्या कार्याच्या मुळाशीं होती, हें फलटणचें भाग्य.

आज सरकारी धोरणानेंहि या विचाराला मान्यता दिली आहे. इ. स. २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहा वर्षांखालील बालकांचें संगोपन व शिक्षण हें राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातलें, मात्र इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें हक्क दिला तो सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतच. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें तीन ते आठ वर्षांचा 'पायाभूत स्तर' एक मानिला, इ. स. २०२२ मध्यें त्या स्तराचा अभ्यासक्रम-आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यांत खेळाला केंद्रस्थान मिळालें; इ. स. २०२३ मध्यें खेळणीं, कोडीं व चित्रें यांची 'जादुई पिटारा' ही पेटीहि निघाली. हें सर्व स्वागतार्ह आहे. तथापि इतिहासाचा अनुभव आम्हांस सावध करितो. फ्रेबेलच्या देणग्या त्याच्या अनुयायांच्या हातीं कवाइतीचीं साधनें झाल्या. माँटेसोरींचें मजूरवस्तींतील बालगृह श्रीमंतांचें भूषण झालें. ताराबाईंची अंगणवाडी खाऊपुरती उरली. प्रत्येक वेळीं वस्तु टिकली आणि स्वातंत्र्य हरवलें. पेटी शाळेंत पोंचणें सोपें आहे. ती पेटी उघडल्यावर मुलाला निवड करूं देणारी, त्याची चूक शांतपणें पाहणारी आणि त्याची बोली कान देऊन ऐकणारी बाई शाळेंत असणें कठीण आहे. अंगणवाडीसेविकेला आम्ही मानधनावर राबवितों, तिच्याकडून दहा खात्यांचीं कामें करून घेतों, आणि तिनेंच हें नाजूक कार्य करावें अशी अपेक्षा ठेवितों. ही विसंगति कोणत्याहि पिटाऱ्यानें झांकली जाणार नाहीं.

असो. फलटणच्या शाळेनें साऱ्या महाराष्ट्राचा प्रश्न सोडविला, असा आमचा दावा नाहीं; एका गांवांतील एका शाळेकडून तशी अपेक्षा करणेंहि अन्यायाचें होईल. परंतु तिनें एक गोष्ट दाखवून दिली आहे, आणि ती कायमची आहे. खुरपणीला जाणाऱ्या त्या आईला उत्तर देतां येतें. 'बाई, तुमचं पोर इथं खेळेलहि आणि वाचेलहि,' असें तिला सांगतां येतें, आणि तें खरें करून दाखवितां येतें. हें उत्तर प्रत्येक वाडीवस्तीवरच्या बालवर्गांत देतां येईल, तेव्हां बालशिक्षणाचा विषय निघाल्यावर हंसण्याची आमची संवय जाईल. तोंपर्यंत त्या आईचा आक्षेप उभाच आहे, आणि तो आपण विसरूं नये, हेंच उचित होय.